बंडूची रात्रपाळी

बंडू सात महिन्यांचा झाला तरी त्याच्या वडिलांनी त्याला जागा असा फारसा पाहिलाच नव्हता.

यात दोष कोणाचा नव्हता. सगळीकडे लढाई पेटली होती. जबलपूरच्या तोफगाड्यांच्या फॅक्टरीत रात्रंदिवस यंत्रं धडधडत होती आणि अच्युत बंडूच्या जन्माआधीपासून रात्रपाळीला होता. रात्रपाळी संध्याकाळी सातला भरायची आणि सकाळी सहाला सुटायची. घरी आला की तो आंघोळ करायचा, देवाला नमस्कार करायचा, दोन घास खाऊन बाजेवर अंग टाकायचा. उठेपर्यंत चार वाजत. तेव्हा बंडू झोळीत गाढ झोपलेला असे. संध्याकाळी सहाचा भोंगा झाला की बंडू डोळे उघडायचा आणि अच्युत पायात बूट चढवायचा. बापलेकांची भेट व्हायची ती एवढीच.

क्वार्टर दोन खोल्यांचं. कर्त्या माणसाची झोप मोडू नये म्हणून अच्युतच्या आईनं, म्हणजे बंडूची आई प्रमोदिनी हिच्या सासूबाईंनी, घराला कडक शिस्त लावली होती. दिवाबंदीच्या हुकमामुळे खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवलेला होताच, तो अच्युतच्या झोपेच्या पथ्यावर पडला. वर दाराला गोणपाट लावलं. भांडी घासायची ती अंगणाच्या पार टोकाला. दूधवाल्या भैयाला ताकीद होती, हाक मारायची नाही, नुसती कडी हलवायची. सासूबाईंनी स्वतःलाही सूट दिली नव्हती. त्यांची पूजा रोज यथासांग व्हायची, पण देवघरातल्या घंटेच्या लोलकाला त्यांनी चिंधी गुंडाळली होती. देवाला त्या हात जोडून सांगत, "पोरगा रात्रभर राबून आला आहे रे बाबा, समजून घे."

देवानं समजून घेतलं असेलही. बंडूनं मात्र भलतंच समजून घेतलं. दिवसभर त्या अंधाऱ्या, गुपचूप घरात तो झोपून राहायचा. छातीशी घेतलं तर दोन घोट घेऊन मान टाकायचा. आणि एकदा का दिवेलागण झाली की त्याची भूक उसळून वर यायची. नऊला दूध, दहाला दूध, अकराला दूध. मध्ये हसणं, हुंकारणं, आईच्या मंगळसूत्राशी खेळणं. खाली ठेवला की जो टाहो फोडायचा तो ओळीतल्या शेवटच्या क्वार्टरापर्यंत जाई. प्रमोदिनी बिचारी दिवा लावायची, त्याला मांडीवर घेऊन हलक्या आवाजात देवाची गाणी म्हणायची, खुळखुळा वाजवायची. तो खूश व्हायचा आणि आणखीच टक्क जागा राहायचा. पहाटे साडेपाचला शेवटचं एकदा गगनभेदी रडून, पोट भरून घेऊन तो झोपी जाई. तेवढ्यात बंबात विस्तव घालायची वेळ झालेली असे.

सगळं करून झालं होतं. मीठमोहरीनं दृष्ट काढली, मारुतीचा अंगारा लावला, वैद्यांची घुटी पाजली. वैद्य म्हणाले, "पोर धडधाकट आहे." प्रमोदिनीच्या डोळ्यांखाली मात्र काजळ सांडल्यासारखं झालं होतं. एकदा पोळी लाटता लाटता ती पोळपाटावरच डुलली. एकदा नळावर घागर भरून वाहत होती आणि ही उभ्या उभ्या झोपलेली. ओळीच्या टोकाला राहणाऱ्या शैलजाबाईंच्या जिभेला सुट्टी ठाऊक नव्हती. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अगं, पाणी सरकारचं असलं म्हणून काय झालं, बाई! जागी हो!"

शेजारच्या क्वार्टरात पुंडलिकराव राहत. मूळचे नागपूरचे, त्याच फॅक्टरीत लेथच्या यंत्रावर काम करायचे, दिवसपाळीला. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, त्यामुळे घरात एकटेच. मधली भिंत एका विटेची. माणूस विनोदी, पण विनोदालाही झोप लागतेच की.

"वहिनी," एका सकाळी ते कुंपणापाशी थांबून म्हणाले, "बंडूशेठ रात्रभर काहून हजेरी घेऊन राहिले? त्यांना ओव्हरटाइम तरी लावून द्या ना जी."

प्रमोदिनी कानकोंडी झाली. "भाऊजी, काय करू हो? पदराखाली घेऊन त्याला गप्प करते, पण..."

"अरे, चलो, मी गंमत करून राहिलो. लेकरू आहे." पण हसताना त्यांना जांभई आली, आणि ती जांभई प्रमोदिनीच्या काळजात रुतली.

दसऱ्याला फॅक्टरी एक दिवस बंद राहिली. सासूबाईंचा नर्मदामैयाला ओटी भरायचा नेम राहून गेला होता, म्हणून तांगा करून सगळी ग्वारीघाटला गेली. बंडूनं त्या दिवशी पहिल्यांदा जग पाहिलं म्हणावं तर चालेल. नावा, माकडं, झेंडूच्या माळा, पाण्यावर नाचणारं ऊन. त्याचे डोळे मिटेचनात. घाटाच्या सावलीत प्रमोदिनीनं शालीआड त्याला चार-पाच वेळा घेतलं, तर प्रत्येक वेळी दिवसभर उपाशी असल्यासारखा प्यायला. अच्युतच्या खांद्यावर बसून त्यानं बापाचे केस ओढले. अच्युत म्हणाला, "अरे वा! याला हात आहेत की! मला वाटायचं नुसतं गाठोडंच आहे."

आणि त्या रात्री बंडू नऊला झोपला तो तीनला उठला. दूध प्यायला, परत झोपला.

सासूबाईंनी सकाळी नर्मदेच्या दिशेनं हात जोडले. "मैयानं ऐकलं गं!"

दुसऱ्या दिवसापासून खिडक्या काळ्या, दाराला गोणपाट, घर चिडीचूप. तिसऱ्या रात्री बंडू पुन्हा पूर्वपदावर.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी पुंडलिकरावांना यंत्रासमोर डुलकी लागली. बाजूच्या माणसानं वेळीच दंड धरून ओढलं म्हणून हात वाचला. नखाला नुसता ओरखडा आला. त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, पण फॅक्टरीत अच्युतच्या कानावर आली आणि अच्युतनं घरी सांगितली.

 संध्याकाळी सासूबाई देवळात म्हणून गेल्या त्या बाजारात कमानिया गेटपर्यंत जाऊन आल्या. येताना पदराच्या गाठीत एक कागदाची पुडी होती. त्यांनी ती सुनेसमोर ठेवली. आत मोहरीएवढी काळी गोळी. अफूची.

"अच्युतला मी हीच दिली होती. त्याच्या बहिणीलाही. अर्धी दुधात उगाळायची, पोर रात्रभर हलत नाही. मला काय हौस आहे, पोरी? तू अशी वाळत चाललीस. आणि उद्या त्या पुंडलिकचा हात गेला तर त्याच्या पोटच्या गोळ्याला कोण पोसणार? ते पाप आपल्या माथी नको."

 प्रमोदिनीचं माहेर पनागरचं. तिच्या पाठचा भाऊ दहा महिन्यांचा असताना त्याला अशीच गोळी दिली होती. मोठ्या माणसांचा हात जरा जड पडला, एवढंच. तो संध्याकाळी झोपला आणि उठलाच नाही. तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि झोळीची दोरी तिच्याच हातात होती. हे सासूबाईंना ठाऊक होतं. म्हणूनच त्या सुनेच्या डोळ्यांकडे न बघता बोलत होत्या.

"मला आजची रात्र द्या, आई," प्रमोदिनी हळू म्हणाली.

त्या रात्री बंडूला मांडीवर घेऊन ती विचार करत बसली. मैया जे देते ते एक-दोन रात्रींपुरतं देऊन परत घेत नाही. मग ग्वारीघाटला तिनं काय दिलं होतं?  दुसऱ्या दिवशी दुपारी वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला ती गोणपाट बाजूला सारून अंगणात आली, आणि ऊन असं काही डोळ्यांत शिरलं की ती जागच्या जागी थबकली. आत बसून तिला वाटलं होतं की आता तिन्हीसांज झाली. बाहेर तर सूर्य डोक्यावर होता! आपल्यासारख्या जाणत्या बाईला जर घरात दिवस कळत नाही, तर त्या सात महिन्यांच्या जिवाला कसा कळावा? त्यानं बिचाऱ्यानं बापाकडे पाहिलं. बाप दिवसा झोपतो, रात्री कामाला जातो. यानंही तीच पाळी धरली. जेवण रात्रीच्या डब्यात, झोप सकाळच्या भोंग्यानंतर. मैयानं झोप दिली नव्हती, दिवस दाखवला होता.

पण घरात दिवस आणायचा तर अच्युतनं झोपायचं कुठे?

मिरच्यांचं सूप तसंच हातात धरून तिनं शेजारच्या बंद दाराकडे पाहिलं. पुंडलिकराव सकाळी साडेसहाला कुलूप लावून जात ते संध्याकाळी येत. दिवसभर ते घर रिकामं. खिडक्यांना तोच काळा कागद.

अच्युत चारला उठल्यावर तिनं त्याच्यापुढे चहा ठेवला आणि सगळं सांगितलं. तो आधी हसला. "म्हणजे तू मला घराबाहेर काढतेस?" मग झोळीत निपचित झोपलेल्या मुलाकडे बघत राहिला. "दसऱ्याला माझे केस ओढत होता," तो म्हणाला. "परत ओढेल का गं?"

पुंडलिकरावांनी किल्ली ताबडतोब काढून दिली. "अच्छा, म्हणजे माझी बाज दिवसा कामाला लागणार! घ्या ना जी. काहून संकोच करता?"

अडलं ते सासूबाईंपाशी. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तो चढला. "स्वतःचं घर असताना माझा मुलगा दुसऱ्याच्या दारी झोपणार? ओळीतल्या बायका काय म्हणतील? सुनेनं घरधन्याला हाकलला म्हणतील!"

प्रमोदिनी कधी उलट बोलत नसे. आताही बोलली नाही. ती देवघरापाशी गेली, निरांजनाला हात लावला आणि खाली मानेनं म्हणाली, "आई, मी नऊ दिवसांचा नेम धरते. दिवसा घर उघडं ठेवायचं, बाळाला उजेडात आणि आवाजात ठेवायचं, दर दोन-अडीच तासांनी उठवून पोटभर पाजायचं. रात्री भूक लागली तर जरूर द्यायचं, पण दिवा नाही, गाणं नाही, बोलणं नाही. नऊ दिवसांत बाळ रात्रीचं झोपलं नाही, तर दहाव्या दिवशी गोळी मी माझ्या हातानं उगाळीन."

 

सासूबाईंनी उभ्या जन्मात व्रतं, उपास, नेम यांच्यापलीकडे दुसरी संपत्ती जोडली नव्हती. दुसरं काहीही त्यांनी नाकारलं असतं. देवापुढे निरांजनाला हात लावून धरलेला नेम त्या कशा नाकारणार? "धर," त्या म्हणाल्या. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाट निघालं, काचांवरचे कागद निघाले. ते संध्याकाळी परत लावायचं काम सासूबाईंनी आपणहून पत्करलं. घंटेची चिंधी सुटली आणि सात महिन्यांत पहिल्यांदा बंडूनं आरती ऐकली. दचकला, ओठ काढले, मग घंटेकडे झेपावला. अंगणात तेल लावून त्याला उन्हात लोळवलं. दूधवाला भैया खुशीनं ओरडून गेला, "दूध ले लो, बाई जी!" डोळे मिटायला लागला की सासूबाई त्याला उचलून चिमण्या दाखवत. अगदीच पेंगला तर तासभर झोपू देत, पण उघड्या दारात, भांड्यांच्या आवाजात.

नळावर व्हायचं ते झालंच. शैलजाबाई म्हणाल्या, "काय गं प्रमोदिनी, नवरा शेजारी भाड्यानं दिलास म्हणे?"

बायका खो खो हसल्या. प्रमोदिनीचे कान तापले, पण तिनं घागर उचलली आणि चालू लागली. नेम धरलेला असला की निंदेला उत्तर द्यायचं नसतं.

पहिली रात्र नेहमीसारखी. दुसरी तशीच. तिसऱ्या रात्री कहर झाला. अंधारात कोणी बोलेना, खेळेना, म्हणून बंडू संतापला. दूध घेई आणि परत रडे. त्याला खांद्यावर थोपटत ती अंधारात येरझारा घालत होती. भिंतीपलीकडे पुंडलिकरावांची बाज कुरकुरली, तसे तिला तो लेथ दिसला, तो हात दिसला. चौथ्या रात्रीही दोन वाजेपर्यंत तेच. तेव्हा तिच्यातलं काहीतरी तुटलं. बंडूला गोधडीवर ठेवून ती कोनाड्यापाशी गेली आणि चाचपडत तिनं ती पुडी काढली. अर्धी नाही, पाव. पावच. एका रात्रीपुरती.

"ठेव ती."

सासूबाई अंधारात उठून बसल्या होत्या.

"आई, माझ्यानं होत नाही हो. तुम्हीच तर म्हणत होता..."

"मी म्हणत होते ते खरं. पण आज चौथा दिवस आहे. नेम मध्ये मोडायचा नसतो. तुझा असो की माझा." त्या उठल्या, सुनेच्या मुठीतून पुडी काढून घेतली आणि चुलीतल्या निखाऱ्यावर टाकली. चर्र असा बारीक आवाज झाला. मग त्यांनी रडणाऱ्या नातवाला उचलून खांद्यावर घेतलं. "तू झोप. तासाभरानं भूक लागली तर देते तुझ्याजवळ. मी काही बोलत नाही, गात नाही. मला तुझे नियम पाठ आहेत."

प्रमोदिनी आडवी झाली तशी दगडासारखी झोपली. कोणीतरी तासाभरानं बाळ कुशीला लावलं, कोणीतरी काढून नेलं. अंधारात शब्द एकही नाही.

पाचव्या रात्री बंडू तीनदा उठला. सहाव्या रात्री दोनदा, आणि दोन्ही वेळा पिऊन गपकन झोपला. दिवसा मात्र त्याची भूक अशी वाढली की दूध झाल्यावर वाटीभर भाताची पेजही चाटूनपुसून. संध्याकाळी अच्युत शेजारून येई तेव्हा हा दारात आजीच्या कडेवर थयथयाट करत असे, बाप दिसला म्हणून. अच्युतचे केस रोज ओढले जात. तो फॅक्टरीत केस विंचरायचा.

आठव्या रात्री एकदा.

नवव्या दिवसाची संध्याकाळ झाली. दृष्ट लागेल म्हणून आशासुद्धा बोलून दाखवायची नव्हती. साडेआठला बंडू प्यायला, सासूबाईंनी कागद लावले, दिवा मालवला.

सकाळी साडेसहाला अच्युत घरी आला. दार बंद. त्यानं कडी वाजवली. आतून हूं की चूं नाही. एरवी या वेळी बंब पेटलेला असे, आईचं कार्तिकस्नान होऊन पूजा चाललेली असे.  तो शेजारी धावला, तर पुंडलिकरावांचंही दार आतून बंद! त्यांनी तर एव्हाना निघायला हवं होतं. अच्युतनं दोन्ही दारांवर धडाधड थापा मारल्या. "आई! अहो पुंडलिकराव! कोणी आहे का?"

आत प्रमोदिनीचे डोळे उघडले. कागदाच्या फटीतून उन्हाची एक रेघ भिंतीवर पडली होती. सकाळ! तिची चोळी दुधानं चिंब भिजली होती, छाती दगडासारखी भरून ठणकत होती. शेजारी बंडू निश्चल. तिला पनागर आठवलं, झोळीची ती दोरी आठवली, आणि तिचा हात पुढे जाईना.

मग तिनं देवाचं नाव घेतलं आणि हात त्याच्या पोटावर ठेवला.

पोट वरखाली होत होतं. गरम, संथ, सुखी. हाताचा स्पर्श झाला तसे बंडूनं डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि बोळकं पसरून हसला.

"आई!" ती किंचाळलीच. "आई, उठा! रात्रभर! रात्रभर झोपला हो!"

सासूबाई धडपडत उठल्या, उजेड पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, माझं कार्तिकस्नान!" बारा वर्षांत त्यांचं पहाटेचं स्नान चुकलं नव्हतं. क्षणभर त्यांचा चेहरा रडवेला झाला. मग नातवाकडे पाहून त्या असं काही हसू लागल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "चुकलं तर चुकलं. मैयाला मी सांगते काय ते."

दार उघडलं तेव्हा अच्युत पांढराफटक उभा होता. त्याच्या मागून पुंडलिकराव एक बूट पायात, एक हातात, शर्टाची बटणं उलटसुलट, असे धावत आले.

"वहिनी! बंडू आज साडेपाचला ओरडला काहून नाही? रोज त्याच्या आवाजावर मी उठतो! आज माझी हजेरी गेली ना जी!"

"भाऊजी, तुम्ही किती तास झोपलात?" प्रमोदिनीनं पदर सावरत विचारलं.

पुंडलिकराव बूट हातात धरून थांबले. बोटांवर मोजलं. परत मोजलं. "नऊ," ते हळूच म्हणाले, जणू कोणी त्यांना नऊ तोळे सोनं दिलं होतं. मग फाटकाकडे पळत सुटले आणि पळता पळता ओरडले, "जिंकलात, वहिनी!"

नळावरून शैलजाबाईंनी मान उंच केली. "काय झालं गं? कोण जिंकलं?"

सासूबाई अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या. त्या कधी मोठ्यानं बोलत नसत, पण त्या सकाळी ओळीतल्या पहिल्या क्वार्टरापासून शेवटच्या क्वार्टरापर्यंत त्यांचा आवाज गेला. "माझी सून जिंकली! आमचा बंडू काल रात्री झोपला तो आत्ता उठला. गोळी नाही, घुटी नाही. ज्यांची पोरं रात्री जागतात त्यांनी उद्या सकाळी या, आमच्या अंगणात ऊन भरपूर आहे."

आत प्रमोदिनीनं बंडूला पदराखाली घेतलं. तो दोन्ही मुठींनी धरून, घाईघाईनं, आवाज करत पीत होता, रात्रभर राखून ठेवलेल्या हक्कानं. अच्युत बुटांसकट जमिनीवर बसून बघत होता.

"अहो, झोपायला जायचं ना तिकडे?" तिनं विचारलं.

"जातो," तो म्हणाला. "त्याचं होऊ दे आधी."